पाटील, पटवारी आणि जागल्या: जुन्या बुलढाण्याचा रोजचा कारभार

ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याजवळ एक मोठी लढाई झाली. निजामुल्मुल्काने दिल्लीच्या बाजूने लढणाऱ्या मुबारिजखानाचा पराभव केला, मुबारिजखान रणात पडला आणि दख्खनचा सुभा दिल्लीच्या हातून निसटला. गावाला फत्तेखेर्डा असे विजयाचे नाव मिळाले. हैदराबादच्या निजामशाहीची खरी सुरुवात इतिहासकार या लढाईपासून मानतात, आणि ती झाली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात. आसपासच्या खेड्यांपुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. यंदाचा सारा कोणाच्या माणसाच्या हाती द्यायचा? वाहून गेलेला शेताचा धुरा कोण लावून देणार? लष्कराने चारलेल्या पिकाची सूट कोणाकडे मागायची? या प्रश्नांची उत्तरे निजामाच्या दरबारात मिळत नव्हती. ती गावच्या चावडीवर मिळत.

राज्यकारभाराचा इतिहास लिहिताना तह, लढाया आणि राजांची नावे पुढे येतात. शेतकऱ्याला राज्य भेटते ते पाटील, पटवारी, जागल्या आणि तहसीलदार यांच्या रूपाने. बुलढाणा जिल्ह्याच्या भूतकाळाकडे या खालच्या टोकाकडून पाहिले, तर सत्तांतरांचा अर्थच बदलून जातो.

बुलढाण्याचा मुलूख वऱ्हाडात मोडतो, आणि मोगलांच्या काळात वऱ्हाड हा एक सुभा होता. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याच्या सरकारांची यादी आहे. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग. त्यात मेहकर हे एका सरकारचे ठाणे होते, तर पूर्णेच्या खोऱ्यातले मलकापूर नरनाळा सरकारात मोडत होते. सरकाराखाली परगणे आणि परगण्याखाली गावे. परगण्यावर देशमुख आणि देशपांडे, गावावर पाटील आणि पटवारी. प्रत्येक जोडीतला पहिला माणूस वसुलीची आणि बंदोबस्ताची जबाबदारी घेई, दुसरा हिशेब लिही. पटवाऱ्याला कुठे कुळकर्णी म्हणत, कुठे पांडे. सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवराव यांच्या घराण्याकडे होती. जिजाऊंचे हे माहेर. देशमुखी हे किती वजनदार पद होते, हे सिंदखेडचा वाडा आणि लखुजींची समाधी पाहिली की ध्यानात येते.

चावडीवरचा कारभार बहुतांशी तोंडी चाले, पण हिशेब मात्र कागदावर आणि मोडीत उतरे. कोणाकडे किती जमीन, कोणती पडीक, कोणती वाहितीत, कोणाचा किती भरणा झाला, बलुतेदारांना काय द्यायचे, पाहुण्या शिपायाच्या शिध्यावर काय खर्च झाला, हे सारे पटवाऱ्याच्या दप्तरात असे. वरच्या कचेऱ्यांचा कारभार फारसीत आणि गावचा मराठीत, अशी ती दुहेरी रचना होती. त्यामुळे वरचा अंमलदार कितीही मोठा असला, तरी गावचे खरे उत्पन्न काढताना त्याला पटवाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागे. पाटील-पटवाऱ्यांचे बळ यातूनच आले.

पुढे वऱ्हाडात निजामाचा आणि नागपूरकर भोसल्यांचा असा दुहेरी अंमल चालला. एकाच गावातून दोन सरकारांचे कमाविसदार आपापला वाटा नेत. १८०३ साली असई आणि अडगावच्या लढायांत इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांना हरवले, देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड निजामाच्या एकट्याच्या हाती आले. त्याने सुख मात्र आले नाही. १८०४ मध्ये या भागातून गेलेल्या जनरल वेलस्लीने सिंदखेड म्हणजे चोरांचे आश्रयस्थान झाल्याचे आणि माणसे शेकड्यांनी उपाशी मरत असल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांना दिलासा देणारे कोणतेही सरकार तिथे उरले नव्हते, हेही त्याने नोंदवले.

हैदराबादच्या तिजोरीत पैसा नव्हता. दिवाण चंदुलाल यांच्या काळात महसूल वसुलीचे मक्ते सावकारांना दिले जाऊ लागले. हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे वऱ्हाडचा मोठा भाग इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने होता. त्याच्यानंतर पेस्तनजी या पारशी पेढीचा अंमल आला. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला धाडणारी पहिली पेढी हीच. शेतकऱ्यांना आगाऊ रकमा देऊन तिने कापसाची लागवड वाढवली, आणि पुढे निजाम सरकारला दिलेल्या कर्जापोटी तिला वऱ्हाडचा महसूल तोडून मिळाला. चंदुलाल पायउतार होताच हा करार मोडला आणि वसुलीच्या हक्कावरून झगडा उभा राहिला. इजारा किती वर्षे टिकेल याचा भरवसा नसल्याने इजारदाराचे लक्ष यंदाच्या वसुलीवर असे. विहीर बांधणे, बांध घालणे, दुष्काळात सूट देणे यात त्याचा फायदा नव्हता. गावे उठून जात, शेते पडीक पडत आणि उरलेल्यांवरचा बोजा वाढे.

याच काळात अमेरिकेत काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, कारभार कसा चाले, हे पाहणे उद्बोधक आहे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय अशा नव्या वसलेल्या राज्यांत सामान्य माणसाला सरकार भेटे ते काउंटीच्या कचेरीत. रस्ता कुठून न्यायचा, खानावळीला परवाना द्यायचा की नाही, निराधाराला कोणी सांभाळायचे, लांडगा मारणाऱ्याला किती बक्षीस, चुकलेले जनावर कोणाच्या गोठ्यात सापडले, जमिनीचे खरेदीखत कुठे नोंदवायचे, अशा कामांनी तिथली दप्तरे भरलेली असत. रस्त्याच्या डागडुजीसाठी धडधाकट पुरुषांना वर्षातले काही दिवस श्रम द्यावे लागत. विषय पाहिले तर मेहकर किंवा चिखलीच्या चावडीवरचेच. फरक होता तो माणसे नेमण्याच्या रीतीत. ओहायोत काउंटीचे कमिशनर लोकांच्या मतांनी निवडून येत, इथे पाटीलकी वंशपरंपरेने चाले.

तरीही अमेरिकेचे चित्र सरसकट उजळ नव्हते. केंटकीत काउंटी कोर्टाचे न्यायाधीश आपल्या रिकाम्या जागांसाठी स्वतःच नावे सुचवत आणि सत्ता ठरावीक घरांत फिरत राही. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामांवर पाळत ठेवणारी गस्तपथके नेमणे, हेही स्थानिक कारभाराचेच काम होते. काउंटीच्या दप्तरात माणसांची खरेदीखते आणि वाटणीपत्रे जमिनीच्या कागदांशेजारी नोंदलेली आढळतात.

वऱ्हाडात मोठा बदल झाला तो १८५३ साली. हैदराबादच्या पदरी ठेवलेल्या फौजेचा खर्च आणि थकलेले कर्ज यांच्यापोटी निजामाने तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. कायद्याने मालकी निजामाचीच राहिली, म्हणून या प्रांताला ‘हैदराबादकडून सोपवलेले जिल्हे’ असे लांबलचक नाव पडले. सुरुवातीला दोनच जिल्हे केले गेले. दक्षिण वऱ्हाडचे ठाणे हिंगोली, उत्तर वऱ्हाडचे बुलढाणा. नंतर ठाणी अमरावती आणि अकोल्याकडे सरकली. १८६४ साली चिखली, मेहकर आणि मलकापूर हे तीन तालुके वेगळे काढून नैर्ऋत्य वऱ्हाड जिल्हा झाला, पुढे त्याला मेहकर जिल्हा म्हणू लागले आणि १८६७ मध्ये ठाणे बुलढाण्याला येऊन जिल्ह्याला आजचे नाव मिळाले. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरची थंड हवा साहेबलोकांना मानवणारी होती. पण मलकापूर घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, तर चिखली आणि मेहकर घाटावर. पयनघाट आणि बालाघाट अशा दोन निराळ्या मुलखांना जोडणारे हे ठाणे होते.

शेतकऱ्याला नव्या राज्याची ओळख झाली ती मोजणीच्या साखळीने. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी सुरू झाली. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसवली होती आणि १८४७ च्या अहवालात तिचे नियम पक्के झाले होते. मोजणीची साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. अमेरिकेत वापरात असलेली साखळी बरोबर दुप्पट, ६६ फुटांची होती आणि एकर मात्र तोच. इंदापुरात मोजणी चालू होती त्याच सुमारास, १८३३ पासून, इलिनॉयच्या सँगमन काउंटीत एक तरुण साहाय्यक मोजणीदार हातात साखळी घेऊन शेतांच्या हद्दी लावत होता. त्याचे नाव अब्राहम लिंकन.

मोजणीनंतर प्रतबंदी होई, आणि शेतकऱ्याची खरी धाकधूक तिथे असे. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे भाग पाडी आणि ठिकठिकाणी माती खणून तिची खोली हाताने मोजी. काळी, बारीक पोताची माती पावणेदोन हात खोल लागली, तर ती सोळा आणे. खोली कमी होत जाई तशी प्रत चौदा, बारा, दहा आणे अशी उतरे. मातीत चुनखड असेल, वाळू मिसळलेली असेल, जमीन उताराची असेल किंवा पाणी साचत असेल, तर आणखी उणे. साऱ्या भागांची सरासरी काढून शेताची आणेवारी ठरे आणि तीवर साऱ्याचा आकार बसे. दर तीस वर्षांसाठी कायम राहतील, हे पहिल्यापासून सांगितलेले असे. घाटाखालच्या मलकापूरची काळी आणि घाटावरची मुरमाड बरड यांना एकाच दराने तोलायचे नाही, ही साधी न्यायाची गोष्ट या खणलेल्या खड्ड्यांतून कागदावर आली.

यात मोठी गोष्ट घडली ती नोंदीची. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, हद्दीला दगड लागले, खातेदाराचे नाव लागले. सारा भरला की पावती हाती आली. इजारदाराच्या काळात वसुली ही ताकदीची बाब होती, आता तिला निदान लेखी मर्यादा पडली. या नोंदीला काळी बाजूही होती. शेतजमीन आता सहज गहाण टाकता आणि विकता येऊ लागली, कर्जाच्या दाव्यात कोर्टाचा हुकूमनामा निघू लागला आणि सावकाराला जमिनीवर हात टाकायची वाट मोकळी झाली. जुने देशमुख-देशपांडे या व्यवस्थेत अनावश्यक ठरले. त्यांना रोख नेमणुका मिळाल्या, पण वसुलीशी त्यांचा संबंध संपला. पाटील आणि पटवारी मात्र राहिले, कारण त्यांच्यावाचून सरकारचे पान हलत नव्हते. त्यांच्या नेमणुका, हक्क आणि कामे ठरवणारा वऱ्हाडचा स्वतंत्र कायदा १९०० साली झाला.

जिल्ह्याचा मुख्य अधिकारी डेप्युटी कमिशनर. तोच वसुलीचा प्रमुख, तोच जिल्हा मॅजिस्ट्रेट, खजिना आणि तुरुंगही त्याच्याच देखरेखीखाली. हिवाळ्यात तो तंबू घेऊन दौऱ्यावर निघे आणि गावोगावी दप्तर तपासे. त्याच्याखाली तालुक्यागणिक तहसीलदार. गावात मुलकी पाटील आणि पोलीस पाटील असे दोन भाग पडले, कुठे दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत. मुलकी पाटलाने सारा वसूल करून भरायचा. पोलीस पाटलाने चोरी, मारामारी, संशयास्पद मृत्यू यांची वर्दी द्यायची, पंच बोलवायचे, पंचनामा करायचा. अमेरिकेच्या काउंटीत हेच काम कॉरोनर आणि त्याचे पंच करत.

भांडणांचे एक कायमचे कारण म्हणजे मोकाट गुरे. उभ्या ज्वारीत शिरलेली बैलजोडी ही बुलढाण्यातही डोकेदुखी होती आणि ओहायोतही. १८७१ च्या कायद्याने इथे कोंडवाड्याची रीत पक्की केली. पिकात सापडलेले जनावर कोंडायचे, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून ते सोडवायचे, कोणी आलेच नाही तर लिलाव. गुरांच्या खुरांवरून दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चालत आलेले असे. कोंडवाड्याच्या पावतीने निदान काही भांडणे चावडीवरच मिटली.

वऱ्हाडच्या जमाबंदीने आणखी एक शब्द मागे ठेवला, तो आजही बुलढाण्याच्या वर्तमानपत्रांत रोज दिसतो. तो म्हणजे ई-क्लास. वनखात्याचे रान वेगळ्या वर्गांत आणि गावाच्या चराईसाठी, सार्वजनिक गरजांसाठी सोडलेली पडीक जमीन ई-वर्गात, अशी ती विभागणी होती. जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात जिला गायरान म्हणतात, तिला वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात. भूमिहीनांनी वाहितीत आणलेले पट्टे, अतिक्रमणे, घरकुलांच्या जागा, या साऱ्या आजच्या वादांचे मूळ त्या जुन्या वर्गवारीत आहे.

हा सगळा डोलारा ज्यांच्या पायांवर उभा होता, त्यांचे नाव कागदावर फार थोडे येते. कामदार महार आणि जागल्या हे गावचे खरे चाकर. दवंडी द्यायची, भरण्याची रक्कम पटवाऱ्याबरोबर तहसिलीत पोचवायची, टपाल पुढच्या गावी न्यायचे, हद्दीचे दगड दाखवायचे, साहेबाच्या तंबूला लाकूडफाटा पुरवायचा, मेलेली जनावरे ओढायची, रात्री गस्त घालायची. वेळकाळ नाही, सुट्टी नाही. मोबदला म्हणजे खळ्यावरचे धान्य, आणि तेही मालकाच्या मर्जीवर. हद्दीच्या वादात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, त्याच माणसाला चावडीची पायरी चढता येत नसे. या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या कारभारात असल्याने तो कायदा इथे लागू नव्हता, पण दुखणे एकच होते. अमेरिकेच्या दक्षिणेत जसे गुलामांचे श्रम काउंटीच्या समृद्धीखाली दडलेले होते, तसा वऱ्हाडच्या शिस्तशीर दप्तराखाली या माणसांचा फुकट घेतलेला घाम आहे. कारभाराचा कोणताही इतिहास तो मोजल्याशिवाय पुरा होत नाही.

अमेरिकेची आणि या मुलखाची गाठ एकदा प्रत्यक्ष पडली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. वऱ्हाडात कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात भुसावळकडून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून गेला. खामगावला १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटा सुरू केला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. ते आणि जळगाव जामोद १९०५ च्या फेररचनेत बुलढाण्याला जोडले गेले. पिकाचा भाव आता लिव्हरपूलमध्ये ठरू लागला, सारा मात्र ठरलेल्या हप्त्यानेच भरायचा होता. युद्ध संपले आणि भाव उतरले, तेव्हा हा फरक शेतकऱ्याच्या अंगावर आला.

एकोणिसाव्या शतकाअखेरच्या दुष्काळांनी या यंत्रणेची परीक्षा घेतली. १८९६-९७ पाठोपाठ १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. १८९१ मध्ये तेव्हाच्या तीन तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८१ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख २४ हजार भरली. सतत वाढत आलेली संख्या एका दशकात सत्तावन्न हजारांनी घटली. ही घट आपल्याला कळते, कारण गावोगावी खानेसुमारी झाली आणि जन्ममृत्यूच्या वह्या लिहिल्या गेल्या. मदतीत त्रुटी होत्या, दुष्काळी काम उशिरा उघडले जाई, मजुरी तुटपुंजी असे. तरी १८०४ च्या उपासमारीबद्दल आपल्याकडे एका सेनापतीच्या पत्रातल्या चार ओळी आहेत आणि १९०० च्या दुष्काळाबद्दल गावनिहाय आकडे.

पुढच्या शतकात पाट्या बदलत राहिल्या. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. १९५६ साली बुलढाणा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि रस्ते, शाळा, दवाखाने यांचा कारभार निवडून आलेल्यांच्या हाती गेला. ओहायोतल्या काउंटीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जे पाहिले, ते इथे फार उशिरा अवतरले. १९६३ च्या आरंभी मुलकी पाटलांचे पद रद्द झाले आणि पटवाऱ्याची जागा पगारी तलाठ्याने घेतली. पोलीस पाटील टिकले. कोतवालही टिकला. आज जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. पिकांची पैसेवारी दरवर्षी आधी नजरअंदाजाने आणि डिसेंबरअखेर अंतिम अशी जाहीर होते, आणि ती पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावोगावी अजून चर्चा झडते.

जुन्या दप्तराची गरज मात्र आज कधी नव्हती एवढी भासते. जातीचा दाखला आणि पडताळणी यांसाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या घरात तेव्हा कोणी शाळेत गेले नव्हते, तिथे शाळेचा दाखला कुठून आणणार? अशा वेळी तहसिलीच्या अभिलेख कक्षातले कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, कामी येते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध राज्यभर घेतला, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधण्याची वेळ आली.

म्हणून बुलढाणा, मेहकर, चिखली, मलकापूर आणि खामगाव इथल्या अभिलेख कक्षांतल्या मोडी आणि मराठी वह्यांच्या गावनिहाय याद्या करून त्या लोकांसाठी खुल्या व्हायला हव्यात. जीर्ण पाने तुकडे होण्याआधी त्यांच्या प्रतिमा घेतल्या पाहिजेत आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मोडीचे वर्ग नियमित चालवले पाहिजेत. कामदार महारांची, जागल्यांची, पडीक शेत उठवणाऱ्या कुळांची आणि १९०० च्या दुष्काळात गेलेल्या लेकरांची नावे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात नाहीत, ती याच वह्यांत आहेत.